डिग्रीवरून नको, कामावरून ठरवा

कोड लिहिणाऱ्या सरसकट सगळ्यांना सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणू नये, कारण अनेकांकडे इंजिनिअरिंगची डिग्री नसते, असं एक मत आहे. सरसकट म्हणू नये, हे मला मान्य आहे. पण 'डिग्री नाही म्हणून' हे कारण अजिबात पटत नाही.

'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्द रूढ झाला तो १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथं झालेल्या नाटोच्या परिषदेमुळे. विचार करायला भाग पाडावं म्हणून तो मुद्दाम डिवचणारा निवडला होता. इतर इंजिनिअरिंगसारखी शिस्त सॉफ्टवेअरमध्ये यायला हवी, हा त्यामागचा आग्रह.

ती शिस्त नसली की काय होतं ते १९९६ मध्ये दिसलं. युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. आधीच्या एरियन ४ साठी लिहिलेला कोड तसाच उचलला होता. नव्या रॉकेटचा वेग जास्त, त्यामुळे ६४ बिटांतला (बिट म्हणजे संगणकात आकडा ठेवायच्या जागेचं माप) आकडा १६ बिटांत मावलाच नाही. कोडची ओळ आधी चालत होतीच की! ती कुठल्या गृहीतकावर चालते, हे पुन्हा तपासलं गेलं नाही.

माझ्या एका सहकाऱ्याकडे कसलीच डिग्री नव्हती. साधी फाइल सेव्ह करायची तरी तो आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचा, मग तिला मूळ फाइलचं नाव द्यायचा. का, तर मध्येच वीज गेली तर जुनी फाइल शाबूत राहावी. मी त्याला बेधडक इंजिनिअर म्हणेन. (कॅनडात 'इंजिनिअर' या पदनामाला कायद्याचं संरक्षण आहे, तिथं प्रश्न वेगळा.) नुसतं 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणून हात झटकणाऱ्याला मात्र नाही, डिग्री कितीही मोठी असो.