दीड वर्षात तिसरे ऑपरेशन्स प्रमुख: रीजनल कंपनीत रुजू होण्याआधी काय तपासावं?

उजवी_सीट:
एटीआर ७२ या प्रोपेलरवाल्या छोट्या प्रवासी विमानावर सहवैमानिक म्हणून एका रीजनल कंपनीची ऑफर आहे. टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता) कंपनी करून देणार, बदल्यात ३ वर्षांचा बाँड, म्हणजे आधी सोडलं तर पैसे भरायचे. दीड वर्षात तिथे सीईओ एकदा बदलले आणि फ्लाइट ऑपरेशन्सचे प्रमुख दोनदा. वरची माणसं बदलल्याने कॉकपिटमधल्या रोजच्या कामात नेमकं काय बदलतं? सही करण्याआधी बाहेरून काय कळू शकतं?

टर्बोप्रॉप_ट्रेनर:
सीईओ बदलले तर मार्ग आणि ताफ्याचे बेत बदलतात. त्याची चाहूल आधी लागते. वैमानिकाचं आयुष्य ठरतं ते फ्लाइट ऑपरेशन्स प्रमुख, चीफ पायलट, ट्रेनिंग प्रमुख आणि क्रू शेड्युलिंग मॅनेजर या चार खुर्च्यांवरून. यांतल्या काही पदांना नियामकाची मान्यता लागते. अमेरिकेत तर अशा पदावरची व्यक्ती बदलली किंवा पद रिकामं झालं, तर १० दिवसांत कळवावं लागतं, इतकं ते गंभीर मानलं जातं.

प्रमुख गेले की पहिल्यांदा जातात त्या न लिहिलेल्या समजुती. सलग तीन पहाटेच्या ड्यूट्यांनंतर चौथी द्यायची नाही, मंजूर रजा शेवटच्या आठवड्यात मागे घ्यायची नाही, अशा गोष्टी बऱ्याचदा मॅन्युअलमध्ये नसतात. नवीन माणूस मॅन्युअल उघडतो, तिथे फक्त कायदेशीर कमाल मर्यादा सापडते, आणि मग रोस्टर (ड्यूट्यांचं वेळापत्रक) तिथपर्यंत भरलं जातं. मर्यादा ही कुंपण म्हणून आखलेली असते, रोजचं लक्ष्य म्हणून नव्हे.

दुसरी साखळी ट्रेनिंगची. ट्रेनिंग प्रमुखांबरोबर एकदोन एक्झामिनरही (वैमानिकांची परीक्षा घेणारे) जातात. सहामाही प्रोफिशियन्सी चेक (वैमानिकाची कौशल्य-चाचणी) रखडतात, एकाच महिन्यात पाचसहा जणांची मुदत संपते, ते रोस्टरबाहेर जातात आणि त्यांची उड्डाणं उरलेल्यांवर येतात. सहवैमानिकाचं कॅप्टन अपग्रेडही तिथेच अडतं. म्हणून मुलाखतीत थेट विचारा: एटीआरचे एक्झामिनर किती, आणि सिम्युलेटरचे स्लॉट किती महिने आधी घेतले जातात?

रोस्टर_वाचक:
मी आकड्यांवर बोलतो.

क्रूची संख्या आधी काढा. एक विमान दिवसाला सरासरी ९ तास उडत असेल तर वर्षाचे ३,२८५ तास. रजा, आजारपण, ट्रेनिंग आणि स्टँडबाय धरून एका वैमानिकाकडून ७०० तास धरणं रास्त. म्हणजे दर विमानामागे कॅप्टन-सहवैमानिकांच्या ४.७ जोड्या, व्यवहारात ५. कॅप्टन आणि सहवैमानिक वेगवेगळे मोजा. कमतरता बहुतेक वेळा कॅप्टनची असते. ४ जोड्यांवर चालवलं तर प्रत्येकी ८२० तास होतात. युरोपात कॅलेंडर वर्षाची मर्यादा ९०० तास आहे, म्हणजे कागदावर चालतं. पण दोन माणसं आजारी पडली की सुट्टीच्या दिवशी फोन सुरू होतात.

आता एक दिवस बघा. पहाटे ५ ला रिपोर्टिंग, ६ सेक्टर (एक टेकऑफ ते एक लँडिंग म्हणजे एक सेक्टर), प्रत्येकी ५५ मिनिटं. उड्डाणाआधी १ तास, सेक्टरांचे ५:३०, मधले पाच टर्नअराउंड (दोन उड्डाणांमधला जमिनीवरचा वेळ) २५ मिनिटांचे म्हणजे २:०५. एकूण ८:३५. पाच वाजता सुरू होणाऱ्या ६ सेक्टरच्या दिवसाला युरोपीय मर्यादा १० तास, त्यामुळे सॉफ्टवेअर हिरवा दिवा देतं. पण टर्नअराउंडला खरे ४० मिनिटं लागत असतील, तर तोच दिवस ९:५० चा होतो. दहा मिनिटं उरली. एक पाऊस, एक व्हीलचेअर, आणि कॅप्टनच्या विशेषाधिकाराचा, म्हणजे मर्यादेपुढे ड्यूटी वाढवण्याच्या त्याच्या अधिकाराचा, प्रश्न उभा राहतो. तिथल्या कोणा ओळखीच्या वैमानिकाकडून गेल्या तीन महिन्यांचं छापलेलं रोस्टर आणि प्रत्यक्षात झालेलं रोस्टर मिळवा. दोन्ही शेजारी ठेवलीत की कंपनी कळते. विशेषाधिकार महिन्यातून एखाद्या वेळी वापरला गेला तर ठीक. दर आठवड्याला वापरला जात असेल, तर वेळापत्रकच चुकीचं आहे.

पोझिशनिंगही बघा. प्रवासी म्हणून दुसऱ्या बेसला नेऊन तिथून उडवत असतील, तर युरोपीय नियमात तो वेळ ड्यूटीत धरला जातो, पण सेक्टर म्हणून मोजला जात नाही. छोट्या कंपन्यांत बेस कमी आणि पोझिशनिंग जास्त असतं, म्हणून हा तपशील महत्त्वाचा.

बाँड_आणि_कागद:
बाँडबद्दल चार प्रश्न लेखी विचारा. मुदत ट्रेनिंगच्या पहिल्या दिवसापासून धरणार की लाइन रिलीजपासून, म्हणजे प्रवासी उड्डाणांवरचं प्रशिक्षण (लाइन ट्रेनिंग) संपल्यावर? लाइन ट्रेनिंग एक्झामिनरअभावी चार महिने लांबलं, तर ते चार महिने तुमच्या माथी बसतात. रक्कम दर महिन्याला समप्रमाणात घटते का? पगार थकला, बेस बदलला किंवा कंपनीने विमानप्रकारच काढून टाकला, तर बाँड संपतो का? आणि मूळ प्रमाणपत्रं कंपनी ठेवून घेते का? शेवटच्याला होकार मिळाला तर सही करू नका.

तोंडी आश्वासन दिलं जातं त्या खुर्चीवर सहा महिन्यांनी दुसरं कोणी असेल, हे तुम्हाला आधीच माहीत आहे. बेस, महिन्याच्या किमान सुट्ट्या आणि हमी दिलेले फ्लाइंग अवर्स करारातच हवेत.

थकव्याचा रिपोर्ट कसा हाताळतात तेही विचारा. चांगल्या रिपोर्टमध्ये मागच्या ७२ तासांतली झोप, किती तास जागे होतात, सेक्टर आणि सॅम-पेरेली मापनावरचा आकडा असतो (१ म्हणजे पूर्ण जागृत, ७ म्हणजे पूर्ण थकलेला). तो सेफ्टी विभागाकडे जायला हवा. आधी चीफ पायलटकडे जात असेल, तर लोक लिहायचं बंद करतात. २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन या रीजनल कंपनीचं क्यू४०० टर्बोप्रॉप विमान पडलं, ५० जण गेले. त्या तपासात रीजनल वैमानिकांचा थकवा आणि लांबून प्रवास करून ड्यूटीवर येणं यांवर बारकाईने बोललं गेलं.

उजवी_सीट:
आभार. रोस्टर मागवतो. एटीआरपुरतं आणखी काही?

टर्बोप्रॉप_ट्रेनर:
हो. एटीआरला एपीयू (जमिनीवर वीज आणि हवा देणारं छोटं सहायक इंजिन) नसतो. जमिनीवर वीज आणि थंड हवेसाठी उजवं इंजिन प्रोपेलर ब्रेक लावून चालवतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात. ब्रेक बंद पडलेला आणि ग्राउंड पॉवर किंवा एसी गाडी नाही अशा स्टेशनवर उन्हाळ्यात कॉकपिट भट्टी होतं. असे सहा टर्नअराउंड म्हणजे संध्याकाळच्या लँडिंगला थकलेलं डोकं. दुरुस्ती लांबणीवर टाकलेल्या दोषांच्या यादीत प्रोपेलर ब्रेक किती विमानांवर आणि किती दिवस आहे, हे तिथल्या इंजिनिअरकडून कळालं तर जरूर काढा. मेंटेनन्सकडे पैसा पोचतोय की नाही, हेही त्यातून दिसतं.