इची उंदीर नेमका कोणाचा? लॅम्पविकचा की मेयर्सचा?

जुनी_रीळ: सिम्पसन्स या अमेरिकन कार्टून मालिकेचा १९९६ चा तो एपिसोड काल परत बघितला. त्यात पोरं 'इची आणि स्क्रॅची' हे उंदीर-मांजराचं कार्टून बघतात, ते मेयर्सच्या स्टुडिओचं. चेस्टर लॅम्पविक नावाचा फुटपाथवरचा म्हातारा सांगतो की इची मी काढला, मेयर्सच्या बापाने ढापला. पुरावा म्हणजे १९१९ ची 'मॅनहॅटन मॅडनेस' ही मूक कार्टून, ती मालिकेतल्या बार्ट या पोराला दाखवता दाखवता प्रोजेक्टरवरच जळून जाते. कोर्टात हरायची वेळ आल्यावर धाकटा मेयर्स म्हणतो, चोरला तर चोरला, अख्खं अ‍ॅनिमेशनच उचलेगिरीवर उभं आहे, हनीमूनर्स ही जुनी विनोदी टीव्ही मालिका नसती तर फ्लिंटस्टोन्स हे कार्टून नसतं! तरी लॅम्पविकला ८०० अब्ज डॉलर मिळतात. माझ्या मते एकदम बरोबर निकाल.

पाटी_पेन्सिल: नाही पटलं. उंदीर काढला लॅम्पविकने, मान्य, पण मांजर आणून जोडी जमवली, स्टुडिओ उभा केला, इतकी वर्षं पोरांना हसवलं ते मेयर्स लोकांनी. त्याला पैसे द्या, नाव द्या, पण सगळंच त्याचं कसं? आणि मेयर्सचं ते वाक्य निर्लज्ज असलं तरी खोटं नाहीये हो, फ्लिंटस्टोन्स बघताना हनीमूनर्स आठवतेच.

जुनी_रीळ: अहो, प्रेरणा घेणं वेगळं आणि माणसाचं नावच पुसून टाकणं वेगळं. १९१९ म्हटलं की मला फेलिक्स मांजर आठवतं, तेही त्याच वर्षीचं, चित्रं ऑटो मेस्मरची आणि पडद्यावर नाव स्टुडिओमालक पॅट सलिव्हनचं. सलिव्हन १९३३ मध्ये गेला, मेस्मर पुढे कित्येक वर्षं मुकाट्याने काम करत राहिला आणि लोकांना तो माहीत झाला म्हातारपणी. लॅम्पविकमध्ये मला तोच दिसतो.

पाटी_पेन्सिल: फेलिक्सचं उदाहरण तुमच्याच विरोधात जाऊ शकतं, ऑस्ट्रेलियात आजही सलिव्हनच्या बाजूने बोलणारे आहेत कारण तो तिकडचा. शंभर वर्षांनी कोण ठरवणार? आणि मिकीच्या आधीचं डिस्नेचं कार्टून, ऑस्वाल्ड ससा बघा, १९२८ मध्ये डिस्नेच्या हातून गेला कारण करारानुसार हक्क युनिव्हर्सल या फिल्म कंपनीकडे होते. तो गेला म्हणून मिकी आला. हक्क कागदावर ठरतो, नाहीतर धंदाच चालणार नाही.

मधली_सुट्टी: मिकीचंच नाव काढलंत म्हणून सांगते, 'स्टीमबोट विली' या मिकीच्या १९२८ च्या कार्टूनची बहुतेक चित्रं अब आयवर्क्स या चित्रकाराच्या हातची, जगाला ठाऊक एकटा डिस्ने. म्हणजे ऑस्वाल्ड गेल्यावर जे डिस्नेला लागलं तेच थोडं आयवर्क्सच्या वाट्याला आलं. बाकी रीळ जळते तो सीन मला बघवत नाही. नायट्रेटची फिल्म, म्हणजे जुन्या काळची ज्वालाग्राही रीळ, एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही, आणि २००३ मध्ये पुण्यात फिल्म अर्काइव्हच्या गोदामाला आग लागली तेव्हा असल्याच जुन्या रिळी गेल्या. पाटी_पेन्सिल, कागद कागद म्हणताय, पण लॅम्पविककडे कागद कुठे होता, नशिबाने दुकानात एक जुनं चित्र सापडलं ज्यावर त्याने थोरल्या मेयर्सला चार ओळी लिहिल्या होत्या. ते तिथे टांगलेलं नसतं तर?

पाटी_पेन्सिल: तर हरला असता, आणि ते वाईटच झालं असतं, इथे भांडण नाही. पण ८०० अब्ज आणि स्टुडिओला टाळं, हे मला अजूनही न्याय वाटत नाही. तिथे काम करणाऱ्या बाकीच्या चित्रकारांनी काय चोरलं होतं?