अडलेला घोडा: चाबूक आणि स्पर्स वापरावेत का?

रपेट_पुणे:
टोकियो ऑलिंपिकमधली मॉडर्न पेंटॅथलॉन आठवत असेल, ऑगस्ट २०२१. पाच खेळांची स्पर्धा, घोडेस्वारी त्यातलीच. जर्मनीची अनिका श्लॉय आघाडीवर होती. त्या खेळात घोडा स्वतःचा नसायचा. चिठ्ठीवर मिळायचा, आणि ओळख करून घ्यायला जेमतेम २० मिनिटं. तिच्या वाट्याला सेंट बॉय आला. हाच घोडा आधी एका रशियन खेळाडूलाही अडला होता. तो उडी घेईना, मागे मागे सरकू लागला. ती रडत रडत चाबूक मारत होती, बुटाच्या टाचेला लावलेले स्पर्स टोचत होती. प्रशिक्षक किम राइसनर बाहेरून 'मार' म्हणून सांगत होती, आणि तिनं स्वतःही घोड्याला गुद्दा हाणला. राइसनरला स्पर्धेतून काढलं. श्लॉय ३१वी आली.

माझं मत ठाम आहे. अडलेल्या घोड्यावर ही साधनं वापरूच नयेत. खोगीर रुततंय, खूर दुखावलाय, दातांमुळे लगाम सोसत नाही किंवा सरळ भीती वाटतेय, हे सांगायला त्याच्याकडे अडणं एवढंच असतं. त्यावर मारलंत तर पुढच्या वेळी तो थेट दुगाण्या झाडेल.

मांड_पक्की:
टोकियोत झालं ते लाजिरवाणंच होतं. पण त्यासाठी साधन बाद करणं मला पटत नाही, दादा. मी नवशिक्यांना शिकवतो. क्रॉप, म्हणजे आखूड चाबूक, हा स्वाराच्या पोटरीचा इशारा पोचला नाही तर मागोमाग एक हलकी थाप द्यायला असतो. घोडा शिकतो ते दाब सैल झाल्यामुळे. पाऊल टाकलं रे टाकलं की पोटरी सैल, थाप बंद. क्रॉप काढून घेतला तर मुलं तासभर टाचा मारत बसतात, आणि घोडा कुशीला बधिर होतो. ते जास्त क्रूर आहे. स्पर्सबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. पाय हलता असेल तर पावलागणिक नकळत टोचतात. मांड स्थिर झाल्याशिवाय मी कुणाला लावू देत नाही.

नालबंदाची_लेक:
'हलकी' कुणी ठरवायची? सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये घोड्याची आणि माणसाची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिली. वरच्या थरातल्या मज्जातंतूंच्या टोकांमध्ये लक्षणीय फरक सापडला नाही. माशी बसली तरी अंग थरथरवणारं जनावर आहे ते. खोगीर उतरवून पाठीवरून हात फिरवणं, चारी खूर उचलून बघणं, हे किती ठिकाणी आधी शिकवतात? हातात क्रॉप असला की कुणी खाली वाकत नाही.

महालक्ष्मीचा_शौकीन:
ताई, शर्यतीत खाली वाकायला वेळ नसतो. अर्धा टनाचा घोडा वेगात असताना बाजूच्या घोड्यावर झुकू लागला तर चाबकानंच सरळ ठेवावा लागतो, नाहीतर जॉकीचा जीव जातो. गैरवापर रोखता येतो. ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट शर्यतीत ६ आणि अडथळ्यांच्या शर्यतीत ७ फटक्यांची मर्यादा आहे.

नालबंदाची_लेक:
जीव वाचवायला म्हणता, मग शेवटच्या टप्प्यात मागच्या अंगावर फटके कशासाठी पडतात? तिथं तर फक्त वेग हवा असतो. नॉर्वेनं १९८२ मध्ये वेगासाठी चाबूक मारणं बंद केलं. तिथल्या शर्यती अजून चालू आहेत.

मांड_पक्की:
शर्यत सोडा. रस्त्यात ट्रक समोरून येतोय आणि घोडा मध्येच अडलाय, तर काय कराल?

रपेट_पुणे:
उतरेन, लगाम धरून चालवत बाजूला नेईन.

मांड_पक्की:
बिथरलेल्या घोड्यावरून घाईनं उतरणारा माणूस त्याच्याच पायाखाली येऊ शकतो. तिथं एक नेमकी थाप दोघांना वाचवते.

रपेट_पुणे:
असा प्रसंग येतो, मान्य. पण त्या एका प्रसंगासाठी रोजच्या तासाला प्रत्येक नवशिक्याच्या हातात क्रॉप द्यायचा? सेंट बॉयवर बसलेली मुलगी तर ऑलिंपिकपटू होती. भीती आणि जिंकण्याची घाई एकत्र आली की तिचाही हात आवरला नाही. पॅरिसनंतर पेंटॅथलॉनमधून घोडेस्वारीच काढून टाकली. तुमच्या वर्गातल्या दहा वर्षांच्या पोराचा हात कोण आवरणार?

मांड_पक्की:
मी, लाँजची दोरी, म्हणजे घोड्याला गोलात फिरवायची लांब दोरी, हातात धरून. म्हणूनच सुरुवातीचे धडे दोरीवर घेतो, आणि क्रॉप त्यानंतर देतो. तुम्ही दिलाच नाही, तर तो पोरगा पुढं कुठल्यातरी पर्यटनस्थळी भाड्याच्या घोड्यावर बसेल, कुणीतरी हातात काठी देईल, आणि तिथं शिकवायला कोणी नसेल.