बुलबुल भारद्वाजावर धावून जातो, शिक्रा दिसताच मात्र गप्प का होतो?

प्रश्न (कोथरूडनिवासी):
आमच्या गॅलरीतील मधुमालतीवर लालबुड्या बुलबुलाच्या जोडीने घरटे केले असून त्यात सध्या पिल्ले आहेत. भारद्वाज वेलाजवळ आला की दोघेही कलकलाट करीत त्याच्या अंगावर जातात आणि पाहता पाहता दयाळ, शिंपी असे शेजारीही गोळा होतात. शिक्रा हा शिकारी पक्षी डोक्यावरून गेला की मात्र सारे चिडीचूप. हा भित्रेपणा समजावा काय? भारद्वाजाला आम्ही हुसकावावे का?

टेकडीप्रेमी:
भित्रेपणा नव्हे, हिशेब आहे. भारद्वाज फांद्याफांद्यांतून चाचपत घरटी शोधतो. त्याची सारी भिस्त कोणाच्या नजरेस न पडण्यावर असल्यामुळे बोभाटा झाला की त्याचा डाव फसतो. उडत्या शिक्र्यापुढे ओरडणे म्हणजे मात्र स्वतःचा ठावठिकाणा सांगणे. पक्ष्यांच्या आवाजांचे अभ्यासक पीटर मार्लर यांनी 1955 मध्ये युरोपातील पक्ष्यांविषयी असेच मांडले होते: उडत्या ससाण्याची सूचना देणारी हाक बारीक, उंच आणि हळूच सुरू होऊन हळूच विरणारी असते, त्यामुळे ती नेमकी कुठून आली हे कळणे अवघड जाते; बसलेल्या घुबडाविरुद्धची हाक तुटक व खरखरीत असते, कारण तेथे इतरांना बोलवायचेच असते. शिक्रा फांदीवर बसलेला असेल, तर हेच बुलबुल त्यालाही घेरतात. वेताळ टेकडीवर हे दृश्य दुर्मीळ नाही.

निरीक्षक:
पिल्लेही या हाका ओळखू शकतात. जपानमधील वल्गुलीसारख्या (इंग्रजीत टिट) एका छोट्या पक्ष्यावर तोशिताका सुझुकी यांनी केलेला अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. कावळ्यासाठीची हाक ऐकून ढोलीतील पिल्ले तळाशी दबून बसली, तर सापासाठीची हाक ऐकताच त्यांनी बाहेर उड्या टाकल्या. साप ढोलीत शिरतो, कावळ्याची केवळ चोच आत पोहोचते. बुलबुलाचे घरटे उघड्या वाटीसारखे असल्याने हा निष्कर्ष त्याला जसाच्या तसा लावू नये.

मधुमालती:
आरडाओरडा हा बचावाचा शेवटचा उपाय, एवढी पुस्ती जोडते. पिल्लांची विष्ठा पांढऱ्या, ओलसर पिशवीत येते. पालक ती चोचीत धरून दूर टाकतात किंवा गिळतात, म्हणजे घरट्याखाली खूण उरत नाही. पालकांनी वारंवार ये-जा केल्यानेही घरटे उघडे पडते, आणि तुम्ही जवळ उभे राहिलात तर पालक चारा घेऊन ताटकळतात. म्हणून भारद्वाजाला हुसकावायला तेथे जाऊ नका; शिवाय त्यालाही पिल्ले असतात. मात्र पिल्ले उडून जाईपर्यंत मधुमालतीची छाटणी टाळा आणि घरात मांजर असल्यास गॅलरीचे दार लावून घ्या.