चुकीचं औषध दिलं, तर नर्सवर फौजदारी खटला हवा का?

रात्रपाळी:
अमेरिकेत टेनेसी राज्यातलं २०१७ चं प्रकरण. स्कॅनआधी रुग्णाला शांत करायला व्हर्सेड, म्हणजे मिडाझोलॅम द्यायचं होतं. नर्सने औषधाच्या यंत्रात इंग्रजी नावाची पहिली दोन अक्षरं टाकली, ओव्हरराइड केलं, म्हणजे यंत्राची नेहमीची अडवणूक बाजूला सारून औषध काढलं, आणि हातात आलं व्हेक्युरोनियम. हे श्वासाचे स्नायूसुद्धा लुळे पाडतं. रुग्ण दगावली. चूक नर्सने स्वतःच सांगितली. २०२२ मध्ये ज्युरीने तिला दोषी ठरवलं, तुरुंगाऐवजी ३ वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे देखरेखीखाली बाहेर राहणं, एवढी शिक्षा झाली. माझ्या मते अशा खटल्यांनी एकही रुग्ण वाचत नाही. उलट, चुकीची व्हायल उचलून वेळेत परत ठेवणारा माणूस यापुढे तोंड उघडणार नाही, आणि शिकायचं असतं ते अशाच हुकलेल्या अपघातांतून.

खडूस:
अर्धीच गोष्ट सांगताय. मिडाझोलॅम द्रव असतं, व्हेक्युरोनियम पूड. ती विरघळवावी लागते, म्हणजे थांबून विचार करायला वेळ होता. झाकणावर स्नायू लुळे पडण्याचा इशारा छापलेला. शिवाय इंजेक्शन देऊन ती रुग्णाजवळ थांबलीही नाही. एवढं करून ट्रक ड्रायव्हर सुटला असता का?

रात्रपाळी:
निष्काळजीपणा होताच, आणि त्यासाठी तिचा परवाना गेला. मी फौजदारीबद्दल बोलतोय.

गोळीबंद:
फार्मसीत काम करते म्हणून लिहिते. व्हिन्क्रिस्टीन हे कॅन्सरचं औषध फक्त शिरेतून द्यायचं. मणक्यात गेलं तर माणूस बहुधा वाचत नाही. लेबलं लावली, प्रशिक्षणं झाली, तरी चुका होतच राहिल्या. उपाय काय, तर सिरिंजमध्ये भरायचंच नाही, छोट्या सलाईनच्या पिशवीत भरायचं. पिशवी मणक्याच्या सुईला लावायला कोणी जात नाही. संहत पोटॅशियम क्लोराइडचंही (पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय बंद पाडतं) तेच: वॉर्डातल्या कपाटातून ते काढलं की पाण्याची अँप्यूल समजून उचलायचा प्रश्नच मिटतो. इशाऱ्यांवर माझा फार विश्वास नाही. कॉम्प्युटर दिवसभर इतके इशारे देतो की लोक न वाचता 'ओके' दाबतात. (मीही दाबते, खोटं कशाला बोलू.)

खडूस:
पिशवीचं पटलं. पण 'यंत्रणेचा दोष' म्हटलं की तो कोणाचाच राहत नाही. या प्रकरणात मृत्यूची नोंद आधी नैसर्गिक म्हणून झाली होती! ओव्हरराइड तिथे रोजचंच होतं, असं बचाव पक्षच सांगत होता. मग ते चालू देणाऱ्यांवर खटला का नाही? नर्सला सोडायचं असेल तर वरच्या कोणाला तरी धरा.

रात्रपाळी:
धरा की, माझी ना नाही. माहिती दडवणं हा गुन्हाच मानावा. चूक कबूल करणं नको.

खडूस:
आणि कबूल केली म्हणून सगळं माफ? रुग्णाच्या घरच्यांना हे तोंडावर सांगून बघा.

गोळीबंद:
माफ नाही हो. पण दोन अक्षरांवर औषध देणारं यंत्र खटल्यानंतरही तसंच राहिलं, तर घरच्यांना काय सांगणार? निदान पाच अक्षरं मागा. व्हर्सेड आणि व्हेक्युरोनियमचं स्पेलिंग तिसऱ्यालाच वेगळं होतं.