होमपेजवरचा सर्च बॉक्स चालेना (लिनक्स मिंट ऑपरेटिंग सिस्टिम, फायरफॉक्स ब्राउझर)

मंडळी, मदत हवी आहे. होमपेजवर मधोमध जो सर्च बॉक्स असतो त्यात टाइप करून एंटर मारलं की काहीच होत नाही, पण वर अ‍ॅड्रेस बारमध्ये तेच टाकलं तर व्यवस्थित शोधतो. नेट चालू आहे, रीस्टार्ट करून झालं. आईला हाच बॉक्स वापरायची सवय आहे म्हणून तो चालायलाच हवा.

> आधी मेनूत हेल्पमध्ये जाऊन ट्रबलशूट मोड चालू करा, त्यात एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम) तात्पुरती बंद होतात. तिथे बॉक्स चालला तर दोष एखाद्या एक्स्टेन्शनचा, मग एकेक बंद करून बघा.

> आणि सेटिंग्जमध्ये होमपेजला कुठला पत्ता आहे तेही बघा हो. मिंटचं स्वतःचं स्टार्ट पेज असायचं, २०२२ मध्ये मोझिलाशी (फायरफॉक्स बनवणारे) करार झाल्यावर ते डीफॉल्ट राहिलं नाही. जुनं प्रोफाइल (तुमच्या सेटिंग्ज, बुकमार्क साठवलेलं फोल्डर) असेल तर जुनाच पत्ता राहिलेला असू शकतो.

ट्रबलशूट मोडमध्ये चालतोय! नवीन टॅबचं एक एक्स्टेन्शन होतं, ते काढलं आणि झालं. खूप आभार.

> छान. प्रोफाइल डिलीट करायला लागलं नाही हे बरं, बुकमार्क वाचले.