ऑनलाइन सांघिक प्रश्नमंजूषा : सूत्रसंचालन कसे करावे आणि गुण कसे मोजावेत?

खानापूरचा वाचक

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयातर्फे दरवर्षी श्रावणात मराठी प्रश्नमंजूषा होते. पूर्वी ती वाचनालयाच्या खोलीत होत असे. आता गावची बरीच तरुण मंडळी पुणे, बेंगळूर आणि गोवा येथे नोकरीला असल्यामुळे आम्ही ती गूगल मीटवर घेतो. आठ संघ असतात, प्रत्येक संघात तीन-चार जण असतात आणि एकाच संघातील माणसेही तीन ठिकाणी बसलेली असतात.

अडचण अशी आहे की, उत्तर जितके लवकर तितके गुण जास्त, अशा पद्धतीचे ॲप वापरले तर जांबोटी-कणकुंबीकडच्या संघांवर उघड अन्याय होतो. पावसाळ्यात तिकडे रेंज येते-जाते, वीजही जाते, आणि उत्तर येत असूनही केवळ ते उशिरा पोचले म्हणून तो संघ खाली घसरतो. व्हॉट्सॲपच्या सामायिक गटात उत्तरे मागवली तर पहिल्याचे उत्तर पाहून दुसरा लिहितो. शिवाय गुण आम्ही वहीत लिहून शेवटी जाहीर करतो, त्यामुळे मधल्या फेऱ्यांत कोण कुठे आहे हे कोणालाच कळत नाही आणि निकालानंतर शंका निघतात. स्पर्धा खेळीमेळीची असली तरी गावात तिची चर्चा आठवडाभर चालते, म्हणून गुणांचा हिशेब स्वच्छ असावा अशी मनापासून इच्छा आहे. ज्यांनी असे उपक्रम चालवले आहेत त्यांनी आपली पद्धत जरा सविस्तर सांगावी.

टिळकवाडीकर

मी काही वर्षे मित्रमंडळींच्या ऑनलाइन स्पर्धांचे गुणलेखन करतो आहे. आपली शंका अगदी रास्त आहे आणि ती आकड्यांनी दाखवता येते. कहूट या प्रश्नमंजूषेच्या ॲपच्या नेहमीच्या गुणपद्धतीत एका प्रश्नाला जास्तीत जास्त १,००० गुण असतात. उत्तराला लागलेला वेळ भागिले प्रश्नासाठी दिलेला वेळ, त्याचे निम्मे, आणि तेवढा हिस्सा पूर्ण गुणांतून वजा, असे ते गणित आहे. म्हणजे २० सेकंदांच्या प्रश्नाला चार सेकंद उशीर झाला की १०० गुण गेले, आणि अगदी शेवटच्या क्षणी दिलेल्या बरोबर उत्तराला जेमतेम निम्मे गुण मिळाले. प्रश्न मीटच्या पडद्यावर दिसायचा आणि उत्तराची बटणे हातातल्या फोनवर, अशी व्यवस्था असेल तर पडद्यावरचे चित्र अडकणाऱ्याचे चार सेकंद सहज जातात. एकाच वर्गात बसलेल्या मुलांसाठी ही पद्धत उत्तम आहे, कारण तेथे सर्वांना प्रश्न एकाच भिंतीवर एकाच वेळी दिसतो. घाटमाथ्यावरचा संघ आणि बेंगळूरच्या फायबर जोडणीवरचा संघ यांना मात्र या पट्टीने मोजू नये.

माझा आग्रह लेखी फेरीचा आहे. आठ किंवा दहा प्रश्नांची एक फेरी करावी, प्रत्येक प्रश्न दोनदा वाचावा आणि त्याचा मजकूर त्याच वेळी व्हॉट्सॲप गटात टाकावा, कारण पुष्कळांकडे एकच फोन असतो आणि त्यावरच मीटही चालू असते. गट 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' असा ठेवावा. फेरी संपली की प्रत्येक संघाच्या कर्णधाराने सर्व उत्तरे गूगल फॉर्ममध्ये भरून दोन-तीन मिनिटांच्या मुदतीत पाठवावीत. एखाद्याची रेंज मध्येच अर्धा मिनिट गेली तरी त्याचे काही बिघडत नाही. संघातील आपापसांतली चर्चा ज्याने त्याने फोनवर किंवा स्वतःच्या गटात करावी.

फॉर्म की व्हॉट्सॲपवर खासगी निरोप, असा प्रश्न पडत असेल तर फॉर्मच घ्यावा. व्हॉट्सॲपवर निरोपाची वेळ फक्त मिनिटापर्यंत दिसते आणि पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो. बदलल्याची खूण राहते, पण आधी काय लिहिले होते ते गुणलेखकाला नंतर दिसत नाही. फॉर्मची उत्तरे शीटमध्ये सेकंदासह नोंदली जातात. संघाचे नाव टाइप करायला लावू नये, यादीतून निवडू द्यावे, नाही तर एकच संघ तीन फेऱ्यांत तीन नावांनी उतरतो. पाठवल्यानंतर उत्तर बदलण्याची सोय बंद ठेवावी. रेंजच्या भीतीने काही कर्णधार दोनदा पाठवतात, तेव्हा मुदतीच्या आत आलेले शेवटचे उत्तर ग्राह्य, असा नियम आधीच सांगावा आणि मुदत संपताच फॉर्म बंद करावा.

गुणपत्रक गूगल शीटमध्येच ठेवावे : प्रत्येक प्रश्नाला एक ओळ, प्रत्येक संघाला एक स्तंभ, आणि बेरीज सर्वांत वरच्या गोठवलेल्या ओळीत, म्हणजे खाली कितीही ओळी वाढल्या तरी ती डोळ्यांसमोर राहते. पत्रकाचा दुवा सर्वांना 'फक्त पाहण्यासाठी' द्यावा, लिहिण्याचा अधिकार मात्र एकाच माणसाकडे असावा. सूत्रसंचालकाने स्वतः गुण लिहू नयेत. प्रश्न वाचणे, वेळ पाहणे आणि हरकती ऐकणे यांतच त्याचे लक्ष गुंतलेले असते आणि नेमक्या त्याच गडबडीत एखाद्याचे दहा गुण दुसऱ्याच्या स्तंभात पडतात. शीटमध्ये बदलांचा इतिहास राहतो, त्यामुळे कोणता आकडा केव्हा बदलला हे नंतरही दाखवता येते. निकालानंतरच्या शंकांवर एवढा चोख उपाय वहीत नाही.

राहिला गूगलवर उत्तर शोधण्याचा प्रश्न. लेखी फेरीत तो धोका अधिक आहे हे मान्य, पण त्यावरचा खरा उपाय प्रश्नाच्या रचनेत आहे. 'कुमार गंधर्वांचा जन्म कोठे झाला?' हे कोणीही शोधेल. त्याऐवजी असे विचारावे : 'बेळगावला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच वर्षी याच जिल्ह्यातील एका गावात जन्मलेला मुलगा पुढे हिंदुस्थानी संगीतात फार मोठा झाला, त्याचे मूळ नाव आणि तो ज्या नावाने प्रसिद्ध झाला ते नाव, यांपैकी कोणतेही एक सांगा.' ज्याला १९२४ साल आणि सुळेभावी हे गाव जोडता येते त्याला हे पटकन सुचते, आणि सुचण्यातला आनंद शोधण्यात नाही हे खेळणाऱ्यालाही कळते.

निपाणीकर

टिळकवाडीकर यांचे लेखी फेरीविषयीचे म्हणणे पटते, पण सगळीच स्पर्धा लेखी केली तर तिची परीक्षा होऊन बसते. एका संघाचे उत्तर चुकते, प्रश्न पुढे जातो आणि बाकीचे श्वास रोखून आपल्या पाळीची वाट पाहतात, यातच सांघिक प्रश्नमंजूषेचा जीव आहे. म्हणून एक फेरी तोंडी ठेवाच.

फक्त ती जुन्या 'पास' पद्धतीने घेऊ नये. त्या पद्धतीत पहिला प्रश्न पहिल्या संघाला, दुसरा दुसऱ्याला असा ठरलेला क्रम असतो, आणि जो संघ एखाद्या कच्च्या संघाच्या लगेच नंतर बसतो त्याला फुकटचे प्रश्न मिळत राहतात. कर्नाटक क्विझ असोसिएशन बेंगळूरला १९८३ पासून आहे, पुण्यात बोट क्लबचे क्विझवाले आहेत. अशा मंडळींत रुळलेली 'इन्फिनिट बाउन्स' पद्धत हा दोष काढते. तिच्यात ज्या संघाने उत्तर दिले त्याच्या पुढच्या संघापासून नवा प्रश्न सुरू होतो, आणि निम्मे प्रश्न झाले की फिरण्याची दिशा उलटी केली जाते. त्यामुळे शेजाराचा लाभ किंवा तोटा दोन्ही बाजूंनी सारखा होतो.

तिच्या जोडीला 'पाउन्स' असते : आपल्या पाळीची वाट न पाहता ज्या संघाला खात्री आहे त्याने उत्तर लेखी द्यायचे, बरोबर आले तर १० गुण, चुकले तर ५ गुण वजा, आणि त्या प्रश्नापुरते फिरत्या पाळीतून बाहेर. गुणांचे आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, ते आधी जाहीर केलेले असले म्हणजे झाले. ऑनलाइन खेळात पाउन्सची उत्तरे कर्णधाराने गुणलेखकाला खासगी निरोपात द्यावीत. 'पाउन्स बंद' असे सूत्रसंचालकाने स्पष्ट म्हटल्यावर गुणलेखकाने 'किती संघांनी उत्तर दिले' एवढेच सांगावे. कोणाचे बरोबर आणि कोणाचे चूक हे तोंडी पाळी संपेपर्यंत उघड करू नये. रेंजचा प्रश्न येथेही येतो, म्हणून मी पाउन्सला पुरते एक मिनिट देतो आणि त्या मिनिटात प्रश्न पुन्हा वाचतो.

संघांचा क्रम मात्र पत्रकावर सतत दिसला पाहिजे. सभागृहात कोण कोणाशेजारी बसले आहे ते डोळ्यांना दिसते. मीटवर चौकोन जागा बदलतात, आणि 'आता पाळी कोणाची' यावरच दोन मिनिटे जातात.

वेळेचेही पाहा. मीटच्या मोफत खात्यावर तिघे किंवा अधिक जण जमले की बैठक ६० मिनिटांत संपते, आणि झूमच्या मोफत खात्यावर ४० मिनिटांत. आठ संघांची तोंडी फेरी सावकाश चालते, म्हणून दहा-बारा प्रश्नांपलीकडे जाऊ नये. लेखी फेऱ्या एका बैठकीत आणि तोंडी फेरी दुसऱ्या दुव्यावर अशी विभागणी केली तर मध्येच पडदा काळा होत नाही.

हलशीची पोर

एक छोटी भर घालते. टेलिग्रामवर २०२० पासून 'क्विझ' प्रकारचा पोल आहे. त्यात एकदा निवडलेला पर्याय बदलता येत नाही आणि बरोबर-चूक लगेच कळते. सांघिक स्पर्धेला तो अपुरा आहे, कारण चर्चा करून एक उत्तर देण्याची सोय त्यात नाही. पण स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात रोज एक प्रश्न टाकून लोकांना खेळात ओढण्यासाठी तो फार उपयोगी पडतो. व्हॉट्सॲपच्या साध्या पोलमध्ये मत बदलता येते आणि कोणी काय निवडले ते सर्वांना दिसते, त्यामुळे गुणांसाठी तो वापरू नये.

खानापूरचा वाचक

सर्वांचे मनापासून आभार. दोन लेखी फेऱ्या आणि एक तोंडी, असे आता ठरवतो आहे. एक गोष्ट मात्र राहिली. आमच्या मुलांपैकी काही कन्नड माध्यमात शिकलेली आहेत, काही इंग्रजी माध्यमात. घरी आणि आपापसांत सगळी मराठीच बोलतात, पण उत्तर कोणी कन्नड लिपीत लिहितो, कोणी रोमन अक्षरांत. शिवाय उत्तरांवरून हरकती येतात. कर्नाटकातील सर्वांत उंच धबधबा कोणता, यावर जोग म्हणणारे आणि कुंचिकल म्हणणारे असे दोन पक्ष पडले होते. निपाणीकर दादा, अशा वेळी निर्णय कोणी आणि कसा द्यावा?

मलप्रभाकाठ

मी शाळेत शिकवते, त्यामुळे उत्तरपत्रिका तपासण्याची सवय आहे. निपाणीकरांच्या आधी मीच लिहिते.

लिपीबद्दल माझे मत ठाम आहे. मराठी, कन्नड, रोमन, कोणत्याही लिपीतील उत्तर स्वीकारावे, आणि शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. 'बेळगाव', 'बेळगांव', 'बेळगावी' ही तिन्ही रूपे एकाच गावाची आहेत हे आपल्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. सीमाभागातल्या ज्या मुलाला मराठी वाचनालयाच्या खेळात भाग घ्यावासा वाटतो, त्याला लिपीवरून शून्य देणे मला सहन होणार नाही. याच कारणाने फॉर्मची आपोआप तपासणी वापरू नका. तेथे उत्तर नमुन्याशी तंतोतंत जुळावे लागते आणि एखाद्या अनुस्वाराने बरोबर उत्तर चुकीचे ठरते. कन्नड वाचता येणारा एक जण गुणलेखकाच्या मदतीला असावा.

हरकतींचे म्हणाल, तर बहुतेक हरकती प्रश्न सैल लिहिल्यामुळे येतात. 'मलप्रभा कोठे उगम पावते?' असे विचारले तर कोणी कणकुंबी लिहील, कोणी खानापूर तालुका, कोणी सह्याद्री, आणि तिघांचेही खरे असेल. 'कोणत्या गावाजवळ' हे शब्द घातले की वाद संपतो. धबधब्याचेही तसेच आहे : जोगचे पाणी २५३ मीटर सरळ खाली कोसळते, तर कुंचिकल टप्प्याटप्प्याने उतरतो, आणि एकूण उंची धरली तर तो जोगहून मोठा भरतो. म्हणून 'सर्वांत उंच' म्हणजे काय हे प्रश्नातच सांगावे किंवा प्रश्न वगळावा. उत्तरसूची करताना प्रत्येक उत्तरापुढे 'किमान एवढे हवे' आणि 'हेही चालेल' अशा दोन नोंदी आधीच करून ठेवाव्यात. टिळकवाडीकरांच्या प्रश्नात 'कुमार गंधर्व' चालेल, त्यांच्या मूळ नावातले 'शिवपुत्र' एवढेच लिहिले तर चालेल का, हे स्पर्धा सुरू होण्यापूर्वी ठरलेले असावे.

हरकत फक्त कर्णधाराने घ्यावी, त्या फेरीचे गुण जाहीर झाल्यावर लगेच घ्यावी, आणि पुढची फेरी सुरू होण्यापूर्वी तिचा निकाल लागावा. निर्णय उत्तरसूची करणाऱ्याचा. तो कारणासह पत्रकाच्या शेरा-स्तंभात लिहावा. प्रश्नच चुकीचा निघाला तर लेखी फेरीत सर्वांना गुण द्या किंवा कोणालाच देऊ नका, संघांतील अंतर तेच राहते. पाउन्सच्या फेरीत मात्र तसे नसते. तेथे ज्यांचे ५ गुण वजा झाले ते त्यांना परत द्यावे लागतात, आधी दिलेले १० काढून घ्यावे लागतात, आणि चुकीचा प्रश्न ज्या संघापासून सुरू झाला होता त्याच संघापासून राखीव प्रश्न सुरू करावा लागतो. दोन-तीन राखीव प्रश्न जवळ ठेवावेत.

टिळकवाडीकर

ताईंच्या म्हणण्यात भर घालण्यासारखे फार थोडे आहे. बरोबरीचे तेवढे आधी ठरवा. दुसऱ्या जागेसाठी बरोबरी झाली तर शीटमधले 'रँक' हे सूत्र दोन्ही संघांना दुसरा क्रमांक देते आणि त्यानंतरच्या संघाला थेट चौथा. तिसरे बक्षीस कोणाला, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. मी बरोबरी सोडवण्यासाठी आकड्याचा एक प्रश्न राखून ठेवतो. उदाहरणार्थ, गोकाकचा धबधबा किती मीटर उंच आहे? उत्तर सुमारे ५२ आहे. दोन्ही कर्णधारांनी कॅमेरा चालू ठेवून कागदावर आकडा लिहायचा आणि 'दाखवा' म्हटल्यावर एकाच वेळी कागद वर धरायचे. जो आकडा अधिक जवळ तो संघ पुढे. एकाचा ५० आणि दुसऱ्याचा ५४ आला, म्हणजे अंतर सारखेच पडले, तर दुसरा आकड्याचा प्रश्न विचारायचा, म्हणून असे दोन प्रश्न तयार असू द्यावेत. रेंजमुळे एखाद्याचा कॅमेरा चालत नसेल तर त्या कर्णधाराला साधा फोन लावून त्याचा आकडा गुणलेखकाने आधी लिहून घ्यावा आणि नंतरच दुसऱ्याला कागद दाखवायला सांगावे.